मोरी, भिंत आणि दहा हजारांची फौज: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा फोर-के संच

पीटर जॅक्सनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा फोर-के डिस्कचा संच २०२०च्या अखेरीस बाजारात आला. एकूण नऊ डिस्क. तिन्ही चित्रपटांची थिएटरमध्ये लागलेली आवृत्ती प्रत्येकी एका डिस्कवर, विस्तारित आवृत्ती प्रत्येकी दोन डिस्कवर. इथे लिहायचं आहे ते फक्त त्यातल्या लढायांबद्दल. कारण संच विकत घ्यावा की ओटीटीवर भागवावं, याचा निकाल लढायाच लावतात. शायर या शांत मुलखातलं हिरवं गवत आणि खाण्यापिण्याच्या गप्पा ओटीटीवरही छान दिसतात. दुसऱ्या भागातल्या हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईची पावसाळी रात्र मात्र तिथे अर्धी गिळली जाते.

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी: लढाईसाठी दुसरा भाग विस्तारित बघा, तिसरा भाग थिएटरवाला बघा, आणि जॅक्सनच्याच ‘हॉबिट’ चित्रपटांचा सहा डिस्कांचा वेगळा संच निव्वळ लढाईसाठी घेऊ नका. आता कारणं.

टॉल्कीनच्या पुस्तकाचा दुसरा खंड १९५४चा. त्यात हेल्म्स डीपची लढाई एका प्रकरणात उरकते. एल्फ मदतीला येत नाहीत, राजाचा भाचा एओमर पहिल्यापासून किल्ल्यातच असतो, आणि पहाटे जादूगार गॅंडाल्फ घेऊन येतो ते हजारभर पायदळ. २००२च्या चित्रपटात एल्फांची तुकडी येते, एओमरला हद्दपार करून शेवटच्या स्वारीसाठी राखून ठेवलं जातं आणि पायदळाच्या जागी घोडदळ येतं. पुस्तकावर जीव असलेल्यांना यातलं बरंच खटकतं, आणि एल्फांबद्दलची त्यांची तक्रार रास्तही आहे. पण पटकथेने पुस्तकातली एक गोष्ट घट्ट धरून ठेवली, ती म्हणजे जागा. दरीच्या तोंडाशी आडवी भिंत. तिच्या एका टोकाला किल्ला. किल्ल्याच्या दरवाजाशी चढत जाणारी अरुंद दगडी वाट. भिंतीच्या बुडाशी पाणी बाहेर सोडणारी मोरी. आणि मागे डोंगराच्या पोटात गुहा, जिथे बायकापोरं लपलेली आहेत. पहिला बाण सुटण्याआधीच या जागा बघणाऱ्याच्या ओळखीच्या झालेल्या असतात.

मोरीचं बघा. लढाईच्या बऱ्याच आधी सारुमान या शत्रू जादूगाराच्या बुरुजात एक छोटा प्रसंग आहे. सारुमान सांगतो की भिंत सगळी घन दगडाची आहे, कच्चा दुवा एकच, बुडाशी असलेली पाणी जायची वाट. त्याच्या हाताशी बंदुकीच्या दारूसारखी काळी पूड आहे, आणि त्याचा हस्तक ग्रिमा मेणबत्ती घेऊन तिच्याजवळ वाकतो. संपूर्ण प्रसंग जेमतेम काही क्षणांचा, पण तिथून पुढे किल्ल्यातल्या कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक असते. लढाई ऐन भरात आल्यावर उरुक-हाय, म्हणजे सारुमानचे राक्षसी सैनिक, दोन जड काटेरी गोळे मोरीत नेऊन ठेवतात. मग फौज मधोमध दुभंगते आणि पेटती मशाल घेतलेला एक जण त्या मोकळ्या वाटेने धावत सुटतो. किल्ल्यातल्या लेगोलास या एल्फ तिरंदाजाचे बाण त्याला लागतात, तो कोलमडतो, पण आधीच्या वेगात मोरीत शिरतोच. भिंत उडते. आवाज मोठा आहे हे खरं, पण पोटात खड्डा पडतो तो आवाजामुळे नव्हे. मोरी केव्हाची डोक्यात बसलेली असते म्हणून.

त्यानंतर लढाई एकेक जागा हातची घालवत मागे सरकते. भिंतीला शिड्या लागलेल्या असतानाच दुसरीकडे दगडी वाटेवर ढाली डोक्यावर धरून दुसरी फळी दरवाजाकडे चढते. म्हणजे एकाच वेळी दोन मोर्चे. भिंतीला खिंडार पडलं की पहिला मोर्चा संपतो आणि सगळा भार दरवाजावर येतो. दरवाजा तुटायला आला की किल्ल्याच्या बाजूचे अ‍ॅरागॉर्न आणि गिम्ली बाजूच्या दिंडीतून बाहेर पडून वाटेवर उडी घेतात, आतल्यांना फळ्या ठोकायला दोन घटका मिळाव्यात म्हणून. मग दोरांनी ओढून उभ्या केलेल्या प्रचंड शिड्या येतात, मग आतला दरवाजा, मग शेवटचा दिवाणखाना. प्रत्येक टप्प्यावर हल्ला, त्याला उत्तर, आणि उत्तर अपुरं पडल्यावर माघार. मराठीत आपण ‘खिंड लढवणे’ म्हणतो तो हाच प्रकार: जिंकायचं नाही, वेळ काढायचा. वेळ कशासाठी काढायचा हेही आधी सांगितलेलं आहे. पाचव्या दिवशी पहाटे पूर्वेकडे बघ, असं गॅंडाल्फ बजावून गेलेला असतो. त्यामुळे पूर्वेच्या उतारावरून घोडदळ उतरतं तेव्हा आकाशातून मदत टपकल्यासारखं वाटत नाही. उतार तीव्र आहे, खाली भाल्यांची भिंत उभी आहे, आणि भालाइतांच्या डोळ्यांवर ऐन वेळी सूर्य येतो. सूर्य मागून येतो म्हणूनच ती स्वारी पटते.

नागपूरकराला जागेची ही गोष्ट समजायला, जिथे चित्रीकरण झालं त्या न्यूझीलंडपर्यंत जायची गरज नाही. सीताबर्डीची लढाई २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपली. कंपनीची फौज दीड हजारांच्या घरात, आप्पासाहेब भोसल्यांची तिच्या दहापटीहून मोठी. पण ती लढाई आकड्यांवर सांगायला गेलं तर काहीच कळत नाही. मोठी टेकडी आणि लहान टेकडी डोळ्यांसमोर आणली की सगळं उलगडतं. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी घेतली आणि तिथून मोठी टेकडी माऱ्याखाली आली. मग खाली मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मुसंडी मारली, लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला, आणि टेकडी परत कंपनीकडे गेली. आज तिथे दिसतो तो किल्ला लढाईनंतरचा, आणि लोकांसाठी तो वर्षातून मोजकेच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. त्या दिवशी वर उभं राहून दुसऱ्या टेकडीकडे बघा. हेल्म्स डीपच्या दिग्दर्शनाचं अर्धं मर्म तिथे कळेल: उंचवटा कुठे, तो कोणाच्या ताब्यात, आणि तो गेला तर पुढे काय जातं.

आता फौज. पडद्यावर दहा हजार उरुक-हाय आहेत. चित्रीकरण वेलिंग्टनजवळच्या ड्राय क्रीक नावाच्या दगडखाणीत झालं, तीन महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक रात्रीचं. दरवाजा आणि भिंतीचा काही भाग तिथे खऱ्या मापात बांधला होता. दूरच्या दृश्यांसाठी १:३५ मापाची प्रतिकृती होती. क्षितिजापर्यंत पसरलेली गर्दी संगणकावर, ‘मॅसिव्ह’ या प्रणालीतून. स्टीफन रेगेलसने ती याच चित्रपटांसाठी घडवली आणि २००४मध्ये तिला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तिच्यात एकाच सैनिकाची नक्कल हजार वेळा चिकटवलेली नसते. प्रत्येक आकृतीला स्वतःपुरतं दिसतं आणि ऐकू येतं. समोर कोण आहे, किती जवळ आहे, यावरून वार करायचा, ढाल उचलायची की सरकायचं हे ती ठरवते, आणि खऱ्या माणसांच्या टिपलेल्या हालचालींतून योग्य तुकडा उचलते. गर्दी जिवंत वाटते ती यामुळे.

तीन वेगवेगळ्या मापांची ही दृश्यं एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यात पावसाचा वाटा मोठा आहे. काळ्या चिलखतावर पाणी पडलं की कडा चमकतात. रात्र असूनही हजारो आकृती सुट्या सुट्या दिसतात, आणि सरींच्या पडद्याआड खऱ्याचा आणि प्रतिकृतीचा सांधा झाकला जातो. पाऊस सुरू होतो तो क्षणही बघण्यासारखा आहे: चिलखतांवर थेंबांचा टणटण आवाज, दोन्ही बाजू स्तब्ध, आणि मग एका म्हाताऱ्या तिरंदाजाच्या थरथरत्या हातातून चुकून सुटलेला बाण. दहा हजारांची लढाई एका दमलेल्या हातातून सुरू होते.

आणि हाच पाऊस ओटीटीवर घात करतो. चित्र दाबून पाठवताना यंत्रणा मागच्या चौकटीतून जे बदललं नाही ते पुन्हा पाठवत नाही. त्यातून जागा वाचते. पावसात मात्र प्रत्येक चौकटीत प्रत्येक थेंब नव्या जागी. त्यात अंधार, त्यात हजारो हलते भाले. ओटीटीचं फोर-के साधारणपणे सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागवतं, डिस्कची कमाल मर्यादा १२८ आहे. डेटा कमी पडला की यंत्रणा आधी काळोखातले बारकावे सोडते. मागची फौज करड्या चौकोनांत विरघळते, आकाशात पट्टे पडतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली २०१९ची रात्रीची मोठी लढाई ५५ रात्री खपून चित्रित केली होती, तरी काही दिसलंच नाही अशी ओरड जगभर झाली. चित्रीकरण मुळात अंधारं होतं हे खरं, पण बऱ्याच घरांत उरलेलं काम याच दाबण्याने केलं.

मात्र ‘फोर-के’ या शब्दावर भाळू नका. हे चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाले आणि त्यांचं संगणकी काम मुख्यतः टू-के मापात झालं. लढाईतली बरीच दृश्यं नंतर मोठी केलेली आहेत. त्यामुळे डिस्कवर फायदा दिसतो तो रेषांच्या धारेत कमी आणि उजेड-अंधाराच्या पल्ल्यात जास्त. मशालीची ज्योत पांढरा ठिपका न राहता पिवळी-केशरी दिसते, आणि तिच्याशेजारचं ओलं शिरस्त्राण काळंच राहतं. दोषही आहेत. फिल्मचे कण पुसण्याच्या नादात काही जवळच्या दृश्यांत चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेत. किल्ला लढवणाऱ्या थेओडेन राजाच्या दाढीवर आणि कपाळावर नजर ठेवलीत तर कुठे ते लगेच कळेल.

टीव्हीवर फिल्ममेकर मोड लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर सेकंदाच्या २४ चौकटींच्या मध्ये खोट्या चौकटी घुसतात, तलवारीचा वार मऊ पडतो आणि प्रतिकृती खेळण्यासारखी दिसू लागते. अंधार जास्त वाटला तर ब्राइटनेस वाढवायचा मोह टाळा, त्याने काळं फक्त राखाडी होतं. त्यापेक्षा खोली काळोखी करा. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी हे जवळजवळ अशक्य आहे. जाड पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची एक तिरीपही हेल्म्स डीपचा मागचा अर्धा भाग पुसून टाकते. रात्री नऊनंतर लावा.

आणि कूलर. एप्रिल-मेमध्ये खिडकीतला मोठा डेझर्ट कूलर बंद करून चार तास बसणं कोणालाच जमणार नाही. पण त्याच्या पंख्याचा आणि पाण्याचा अखंड आवाज नेमका लढाईआधीची शांतता खातो: थेंबांची टणटण, चामड्याचा करकर, म्हाताऱ्याचा श्वास. ते ऐकू यावं म्हणून आवाज वाढवावा, तर भिंत उडताना शेजारी उठतील. एसी असेल तर तो लावा. नसेल तर कूलर लढाईच्या तासभर आधी जोरात चालवून खोली गार करून घ्या आणि नंतर लो वर ठेवा. सबवूफर कूलरच्या भिंतीला लावू नका. स्फोटाच्या खालच्या सुरांत कूलरचा पत्रा असा थरथरतो की स्पीकर फाटला असं वाटावं. कोपऱ्यातही नको, तिथे घुमतो. समोरच्या भिंतीपासून हातभर पुढे आणि कोपऱ्यापासून दूर ठेवला की घोड्यांच्या टापा सुट्या ऐकू येतात. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्‌झवर ठेवा, मधला स्पीकर इतरांपेक्षा दोन डेसिबल वर.

डिस्कवरचा ध्वनी डॉल्बी अ‍ॅटमॉस, ट्रू-एचडी स्वरूपात आहे. साउंडबार टीव्हीमार्फत जोडलेला असेल तर तो पूर्ण स्वरूपात मिळायला ई-एआरसी (टीव्हीतून साउंडबारकडे आवाज पाठवणारी एचडीएमआयची नवी सोय) लागतं. साध्या एआरसीवरून दाबलेलाच आवाज येतो. यात अनेकांची फसगत होते, डिस्कला पैसे मोजायचे आणि ऐकायचं ओटीटीच्याच दर्जाचं. प्लेअरला किंवा साउंडबारला दुसरं एचडीएमआय असेल तर प्लेअर थेट साउंडबारला जोडा.

तिसऱ्या भागातली पेलेनॉरची लढाई आकाराने कितीतरी मोठी. वेढा पडलेल्या मिनास तिरिथ शहराची प्रतिकृती १:७२ मापाची होती आणि तिच्यावरून कॅमेरा फिरतो तेव्हा अजूनही डोळे दिपतात. पण लढाई म्हणून ती हेल्म्स डीपच्या खाली उतरते. तिच्यातला सर्वोत्तम तुकडा म्हणजे रोहानच्या, म्हणजे थेओडेनच्या राज्याच्या, घोडदळाची स्वारी. गोष्टीत ६,००० स्वार आहेत, चित्रीकरणाला अडीचशेच्या आसपास खरे होते, बरेचसे आपापला घोडा घेऊन आलेले, आणि त्यांत खोट्या दाढ्या लावलेल्या स्त्रियाही होत्या. थेओडेन आधी डावी, उजवी आणि मधली फळी नेमून देतो, मग रांगेसमोरून दौडत तलवारीने एकेका भाल्यावर टोला देत जातो. नंतर घोडे चालतात, दुडकतात, मग भरधाव सुटतात. वेग पायरीपायरीने चढतो. समोरच्या शत्रूच्या, ऑर्कांच्या, पहिल्या रांगेत चलबिचल दिसते, बाण सुटतात, काही स्वार पडतात, तरी लाट थांबत नाही. धडक बसण्याआधीच आपल्याला तिचं वजन कळलेलं असतं.

मग येतं मृतांचं सैन्य, आणि घात होतो. पुस्तकात मृतांचं काम दक्षिणेला जहाजं ताब्यात देण्यापुरतं आहे. रणांगणात अ‍ॅरागॉर्नबरोबर उतरतात ती गोंडोरची जिवंत माणसं. चित्रपटात हिरवट भुतांचा लोंढा काही क्षणांत सगळं साफ करतो. ज्यांना काही इजाच होऊ शकत नाही त्यांच्या लढण्याला काय किंमत? आधी तासभर रक्त आटवलेल्या स्वारांवर हा अन्याय आहे. विस्तारित आवृत्तीत हे आणखी बिघडतं, कारण जहाजं अडवल्याचा प्रसंग आधीच दाखवून त्यांच्या येण्यातलं आश्चर्यही घालवलं आहे. म्हणून तिसऱ्या भागाची थिएटरवाली डिस्क. ती एकाच डिस्कवर २०१ मिनिटांची आहे, मध्ये उठावं लागत नाही. दुसऱ्या भागाचं उलट: विस्तारित आवृत्तीत पळणारी फौज अचानक उगवलेल्या अरण्यात शिरते आणि झाडंच तिचा निकाल लावतात. पुस्तकातला हा शेवट थिएटरच्या आवृत्तीत नाही, आणि त्याच्याशिवाय दहा हजार जण गेले कुठे हा प्रश्न लटकत राहतो.

‘हॉबिट’च्या २०१४च्या तिसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. पुस्तकात नायक बिल्बोला दगड लागतो, तो बेशुद्ध पडतो आणि लढाईचा शेवट त्याला नंतर कळतो. चित्रपटात तीच लढाई पाऊण तासाच्या घरात. पाच सैन्यं आहेत, पण जिंकायला कोणती जागा घ्यावी लागेल हे कधीच नीट कळत नाही. जमीन फोडून येणारे प्रचंड किडे बोगदे पाडतात आणि पुन्हा दिसत नाहीत. मुख्य पात्रं वरच्या टेकाडावर गेली की खालचं सगळं रणांगण पटकथा विसरून जाते. चिलखतावर चिखल नाही, पडलेल्या घोड्याला वजन नाही. विस्तारित आवृत्तीतल्या वीस जादा मिनिटांत रथांची झटापट आहे, मजेदार आहे, पण जागेचा प्रश्न तसाच राहतो.

एक गोष्ट मनापासून खुपते. जुन्या विस्तारित डीव्हीडींसोबत निर्मितीची तासन्‌तास चालणारी परिशिष्टं होती: प्रतिकृती कशा बांधल्या, चिलखताच्या प्लॅस्टिकच्या कड्या कशा हाताने ओवल्या, रात्रीच्या चित्रीकरणात माणसं कशी थकली. या नऊ डिस्कांच्या संचात त्यातलं काहीच नाही. लढाई कशी उभी करतात हे शिकायचं असेल तर जुन्या डीव्हीडी रद्दीत देऊ नका. मराठी उपशीर्षकंही नाहीत.

परदेशातून मागवायला हरकत नाही. साध्या ब्लू-रेला प्रदेशाचं बंधन असू शकतं, फोर-के डिस्कला नसतं. फक्त ती साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही, फोर-केचाच प्लेअर लागतो. संच हातात पडल्यावर बदलून घेण्याच्या मुदतीतच दुसऱ्या भागाची विस्तारित दुसरी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघा. या डिस्कांत तीन थर असू शकतात, आणि बोटाचा एक ठसाही चित्र गोठवायला पुरतो. चित्र अडकलं तर मऊ मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. पुन्हा त्याच सेकंदाला अडकलं तर डिस्क बदलून मागा.